२९ आठवड्यांचे पोट

माझी नात गेल्या वर्षी जुलै महिन्यात, गर्भारपणाच्या २९व्या आठवड्यात जन्मली. ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या मुलीचे डोहाळजेवण ज्या रविवारी ठरले होते, त्याच्या चार दिवस आधी तिचा रक्तदाब इतका वाढला की घोडबंदर रोडवरील एका रुग्णालयात तातडीने शस्त्रक्रिया करून बाळ बाहेर काढावे लागले. वजन भरले १,१४० ग्रॅम. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ज्याला तिथे सगळेच एनआयसीयू म्हणतात, ती साडेसात आठवडे काचेच्या पेटीत राहिली आणि त्यातील बराच काळ मुलीचे दूध नौपाड्यातील आमच्या घरून तिथे पोहोचवण्याचे काम माझ्याकडे होते. बर्फाच्या पिशव्या घातलेली एक निळी पेटी मांडीवर घेऊन, नितीन कंपनी, कॅडबरी, माजिवडा, कापूरबावडी अशी पावसात तुंबलेली वाट रिक्षाने पार करताना माझ्या मनात एकच विचार असे, की आज हे दूध तिला पचेल ना.

मी ३१ वर्षे ठाण्यातील एका मराठी शाळेत विज्ञान शिकवले. पचनसंस्थेच्या धड्याला फळ्यावर जठर, यकृत, स्वादुपिंड, लहान आतडे अशी आकृती काढून मी प्रत्येक अवयवाचे काम सांगत असे आणि ही यंत्रणा जन्मापासूनच तयार असते असे गृहीत धरत असे. २९ आठवड्यांच्या बाळात त्या आकृतीतील प्रत्येक अवयव जागच्या जागी असतो, पण बहुतेकांना आपले काम अजून नीट येत नसते. ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो, म्हणून तोपर्यंत तोंडातून जठरात घातलेल्या बारीक नळीने दूध द्यावे लागते. जठरात आम्लही कमी आणि प्रथिने पचवणारे पेप्सीनही कमी असते. स्निग्ध पदार्थ फोडणारे स्वादुपिंडातील लायपेज अगदी थोडे असते, स्निग्ध पदार्थ पचायला मदत करणाऱ्या पित्तक्षारांचा साठा तुटपुंजा असतो आणि प्रथिने फोडणाऱ्या ट्रिप्सिनला कार्यरत करणारे आतड्यातील विकरही (एन्झाइम) अपुरे पडते. आतड्याची लांबी गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जवळजवळ दुप्पट होते, आणि नेमके तेच तीन महिने या बाळांना मिळालेले नसतात. अन्न पुढे सरकवणाऱ्या आतड्याच्या लाटाही अजून सुसूत्र नसतात, त्यामुळे दिलेले दूध कधी जठरातच रेंगाळते, तर कधी आतड्यात वायू धरून पोट फुगते.

त्यामुळेच सकाळच्या फेरीला आलेल्या डॉक्टरांचा सिस्टरांना पहिला प्रश्न असे, “फीड पचतंय का?” या प्रश्नाचे उत्तर पोट मऊ आहे की ताणलेले, ओकारी झाली का, नळीतून उलटे काही आले का, आले तर त्याचा रंग कोणता, शी झाली का, अशा निरीक्षणांतून तयार होत असे. नळीतून थोडे दुधाळ पाणी परत आले तर त्याची कोणी फारशी चिंता करत नसे. हिरवे आले, की सगळ्यांचे चेहरे बदलत.

पहिले दोन दिवस माझी मुलगी स्वतःच अतिदक्षता विभागात होती. तिच्या अंगावरून हाताने पिळून जे निघाले ते घट्ट पिवळे चिकाचे दूध सिरिंजच्या टोकाशी जेमतेम दिसत होते, आणि ते पाहून माझ्या तोंडून निघून गेले, “एवढ्याशानं काय होणार?” मुलीने ते ऐकले. त्या वाक्याचे मला आजही वाईट वाटते, कारण ते चुकीचे होते आणि ते मी नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या, स्वतःला दोषी मानून रडणाऱ्या बाईसमोर बोलले होते. सिस्टर मात्र शांतपणे म्हणाल्या, “आजी, तिला आज एवढंच लागतंय.” त्यांनी ०.२ मिलिलीटर चीक, म्हणजे काही थेंब, बाळाच्या दोन्ही गालांच्या आतून लावला. आमच्या आधीच्या पिढीत काही घरांत चीक पिळून टाकून देत असत, हे मला आठवत होते; त्यात रोगप्रतिकारक प्रथिने सर्वांत दाट असतात हे पुढे डॉक्टरांनी सांगितले. मग नळीतून दर दोन तासांनी १ मिलिलीटर, म्हणजे दिवसाला १२ मिलिलीटर दूध सुरू झाले. पोषण शिरेतून चालू होतेच. हे एवढेसे दूध भुकेसाठी नसून आतड्यासाठी होते. गर्भ पोटात असताना गर्भजल गिळत असतो, शेवटच्या महिन्यांत तर दिवसाला काहीशे मिलिलीटर, आणि त्या गिळण्यानेच आतडे वाढत जाते. ते अचानक रिकामे ठेवले तर त्याचे अस्तर विरळ होते, आणि चार थेंब मिळत राहिले तर विकर तयार होऊ लागतात, लाटा सुधारतात.

तिसऱ्या दिवशी मुलीचे दूध १२ मिलिलीटरसुद्धा पुरेना, तेव्हा डॉक्टरांनी कमी दिवसांच्या बाळांसाठीची वेगळी पावडर वापरण्याची परवानगी मागितली. त्या रुग्णालयात दूधपेढी नव्हती. आईचे दूध पुरत नसेल तर इतक्या लहान बाळासाठी दुसरा पर्याय दात्या मातांच्या दुधाचा असतो, आणि तशी आशियातील पहिली दूधपेढी १९८९ मध्ये आपल्या शेजारी, मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली होती, हे मला तेव्हाच समजले. जावयांनी परवानगीच्या कागदावर सही केली. मी गप्प राहिले, पण ‘वरचे दूध’ या शब्दाने माझ्या मनात जी अढी होती ती तशीच राहिली.

सहाव्या दिवशी दुपारी बाळाचे पोट फुगले आणि नळीतून हिरवट पाणी आले. दूध तत्काळ बंद झाले, क्ष-किरण चित्र काढले गेले, रक्त तपासायला गेले आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. या बाळांना होणाऱ्या ज्या आजाराची तिथे सर्वांना धास्ती असते त्याला एनईसी म्हणतात. त्यात आतड्याच्या भिंतीला सूज येते आणि काही वेळा तिचा भाग मृत होऊन आतडे फाटते. कमी दिवसांच्या बाळांत केवळ पावडरच्या दुधावर असलेल्यांना हा आजार केवळ आईच्या दुधावर असलेल्यांपेक्षा ६ ते १० पट अधिक आढळल्याचे इंग्लंडमधील एका मोठ्या अभ्यासात १९९० मध्ये नोंदले गेले, आणि त्यानंतरच्या संशोधनाचाही कल त्याच दिशेचा आहे. सुदैवाने आमच्या बाळाला तो आजार नव्हता. दोन दिवसांनी पोट उतरले आणि पुन्हा १ मिलिलीटरपासून सुरुवात झाली. घरी मात्र सगळ्यांनी, मी सुद्धा, ठरवून टाकले होते की हे त्या पावडरमुळेच झाले. डॉक्टरांना तसे म्हटले, तेव्हा त्या म्हणाल्या, “आजी, असं सरळ बोट नाही दाखवता येत. त्या दिवशी बाळाला बहुतेक दूध आईचंच गेलं होतं. आतडंच अजून कच्चं आहे.” मग मी त्यांना विचारले, की आतडे एकच आहे, तर या दोन दुधांत पचायला नेमका फरक काय. त्या तरुण डॉक्टर बाईंनी रात्रपाळी संपल्यावर अर्धा तास उभे राहून मला जे समजावले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्यातील मुख्य गोष्ट मला इतकी वर्षे शिकवूनही ठाऊक नव्हती. आईच्या दुधात पोषणाबरोबर ते पोषण पचवणारी विकरेही असतात. दुधातील जवळजवळ निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून मिळते आणि कमी दिवसांच्या बाळाची सर्वांत मोठी अडचण तिथेच असते, कारण स्वादुपिंडातील लायपेज आणि पित्त दोन्ही कमी. पण जठरातील लायपेज या वयातही बऱ्यापैकी काम करते आणि त्याला पित्ताची गरज लागत नाही. ते स्निग्धांशाच्या थेंबावरील आवरण भेदून काम सुरू करून देते. पुढे लहान आतड्यात पोहोचल्यावर आईच्या दुधातच असलेले एक लायपेज, जे थोडेसे पित्त भेटताच जागे होते, उरलेले काम हाती घेते. प्रथिनांचेही तसेच आहे. प्रथिने तोडणारी काही विकरे स्तनातच दुधाबरोबर असतात, त्यामुळे दूध बाहेर येईपर्यंत काही प्रथिनांचे तुकडे पडलेले असतात. पेप्सीन कमी असलेल्या जठराला एवढी मदतही मोठी असते.

या माहितीचा प्रत्यय मला आमच्या स्वयंपाकघरात आला. ऑगस्टमध्ये मुलीला पान्हा चांगला फुटू लागला आणि जास्तीचे दूध आम्ही बर्फाच्या कप्प्यात ठेवू लागलो. एके सकाळी वितळवलेल्या बाटलीचे झाकण उघडले तर साबणासारखा वास आला. दूध नासले असे समजून मी ते मोरीत ओतणार होते, पण आधी सिस्टरांना फोन केला. त्यांनी काढल्याची तारीख आणि वेळ विचारली, बर्फाचा कप्पा मध्ये बंद पडला होता का ते विचारले, आणि सांगितले की दूध चांगले आहे, घेऊन या. तो वास दुधातल्याच लायपेजने थंडीतही हळूहळू स्निग्धांश फोडल्यामुळे येतो. फळ्यावर ज्या विकराचे नाव मी हजार वेळा लिहिले होते, ते माझ्या हातातील बाटलीत बाळाच्या वाट्याचे काम आधीच करत होते. ज्या आया असे दूध नासले म्हणून ओतून देत असतील त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहीत आहे. मात्र दूध किती वेळ ठेवायचे आणि कसे वितळवायचे याबाबत आपल्या रुग्णालयाने सांगितलेले नियमच पाळावेत.

याच कारणाने दूधपेढीतील दूध आणि आईचे ताजे दूध यांतही पचनाच्या दृष्टीने फरक पडतो. दात्या मातेचे दूध जंतुरहित करण्यासाठी ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवले जाते आणि त्या उष्णतेत लायपेज निकामी होते, म्हणून स्निग्धांश कमी शोषला जातो. तरीही त्यातील विशिष्ट शर्करा टिकून राहतात आणि रोगप्रतिकारक प्रथिनांचाही बराच भाग वाचतो, म्हणून आईचे दूध नसेल तेव्हा पहिली पसंती त्यालाच असते. या विशिष्ट शर्करांची गोष्ट मला विलक्षण वाटली. त्या बाळाला पचतच नाहीत. त्या मोठ्या आतड्यापर्यंत जशाच्या तशा जाऊन तेथील उपकारक जिवाणूंचे अन्न बनतात, आणि रोगजंतूंना आतड्याच्या भिंतीला चिकटू देत नाहीत.

आता पावडरच्या दुधाविषयी, कारण माझ्या मनातील अढी पुढे बरीच सैल झाली. गायीच्या दुधातील प्रथिनांत केसीन सुमारे ८० टक्के असते आणि त्याची जठरात घट्ट गुठळी बनते. आईच्या दुधात केसीनचा वाटा बराच कमी, म्हणून दही मऊ आणि विरळ लागते. पावडर बनवताना हे प्रमाण आईच्या दुधाच्या जवळ आणले जाते. कमी दिवसांच्या बाळासाठीच्या पावडरमध्ये तर आणखी दोन बदल असतात, आणि ते त्या बाळाच्या पोटाचा विचार करून केलेले असतात. स्निग्धांशाचा काही भाग मध्यम लांबीच्या साखळीच्या तेलांचा घातला जातो, कारण ती पित्ताच्या मदतीवाचून शोषली जातात. लॅक्टोजचा काही भाग काढून त्याजागी ग्लुकोजच्या साखळ्या घातल्या जातात, कारण लॅक्टोज फोडणारे लॅक्टेज हे विकर ३४ आठवड्यांपूर्वी फार कमी असते, तर ग्लुकोजच्या साखळ्या फोडणारी विकरे त्यापूर्वीच तयार झालेली असतात. त्यात ऊर्जाही जास्त असते, १०० मिलिलीटरला सुमारे ८० कॅलरी. दात्यांच्या दुधाच्या तुलनेत त्यावर बाळांचे वजन लवकर वाढते, हेही खरे आहे. म्हणजे हे दूध विचारपूर्वक बनवलेले आहे, पण तयार होताना ते तापवले गेलेले असते, त्यात जिवंत पेशी नाहीत, स्वतःचे लायपेज नाही, आणि जे पचवायचे ते सगळे बाळाच्या अपुऱ्या विकरांवर येऊन पडते. जठर रिकामे व्हायलाही त्याला आईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट वेळ लागतो. डॉक्टर बाई दूध वाढवताना पावडरच्या वेळी अधिक सावध का असत, ते मला यातून उमगले.

शीचा रंग हा त्या विभागातील गंभीर विषय होता, म्हणून त्याबद्दलही लिहिते. मुलीच्या दुधावर नातीला पिवळी, सैल शी होई. पावडरचे फीड जास्त गेले की ती घट्ट आणि हिरवट राखाडी होई. आईच्या दुधातील पामिटिक आम्ल स्निग्धाच्या रेणूत मधल्या जागी बसलेले असते आणि तसेच शोषले जाते. वनस्पती तेलांत ते बहुतांशी कडेच्या जागी असते, पचताना सुटे होते, कॅल्शियमशी जोडले जाऊन त्याचा न विरघळणारा साबण बनतो आणि शीवाटे निघून जातो. म्हणजे शी घट्ट होते तेव्हा थोडा स्निग्धांश आणि थोडे कॅल्शियमही वाया जात असते.

पंधराव्या दिवशी ती पुन्हा १,१४० ग्रॅमवर आली आणि दर दोन तासांना १४ मिलिलीटर, म्हणजे किलोमागे दिवसाला साधारण १५० मिलिलीटर दूध तिला पचू लागले. आता सगळे आईचेच दूध होते, आणि मला वाटले की आता काळजी संपली. तेव्हाच डॉक्टरांनी सांगितले की एवढ्याने भागणार नाही. १५० मिलिलीटर दुधातून सुमारे १०० कॅलरी मिळतात, अशा बाळाला किलोमागे ११० ते १३५ लागतात. प्रथिने किलोमागे दिवसाला साडेतीन ते चार ग्रॅम लागतात. कमी दिवसांत बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रथिने जास्त असतात खरी, पण काही आठवड्यांत ती घटत जातात. कॅल्शियम आणि फॉस्फरस तर गर्भाला मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत मिळतात. म्हणून आईच्या दुधात फोर्टिफायरची, म्हणजे या कमी पडणाऱ्या गोष्टींची भर घालणाऱ्या भुकटीची, छोटी पुडी मिसळायची. मुलीला हे ऐकून फार लागले. “माझं दूध कमी पडतंय का, आई?” असे तिने मला रिक्षात विचारले. मी तिला माझ्या परीने सांगितले, की तुझ्या शरीराने दूध बाहेरच्या जगात जन्मलेल्या बाळासाठी बनवले आहे, आणि ही मुलगी अजून आतली वाढ बाहेर राहून करते आहे. त्या वाढीसाठी जे लागते ते नाळेतून यायचे होते, दुधातून नव्हे. तिचे किती समाधान झाले ते माहीत नाही, पण त्या रात्री तिने दोन वाजताचे दूध काढणे चुकवले नाही. २४ तासांत आठ वेळा, गजर लावून, बाळ जवळ नसताना दूध काढणे किती एकाकी काम आहे ते मी शेजारच्या खोलीतून ऐकत होते. तिसऱ्या आठवड्यापासून बाळाला रोज काही तास तिच्या उघड्या छातीवर ठेवू लागले, आणि त्या दिवसांत तिचे दूध वाढल्याचे बाटल्यांवरच्या आकड्यांतच दिसत होते.

फोर्टिफायर सुरू झाल्यावर दोन दिवस पोट थोडे जड राहिले. ती पुडी बहुधा गायीच्या दुधातील प्रथिनांची असते आणि मिसळल्यावर दुधात विरघळलेल्या घटकांचे प्रमाण वाढते, म्हणून सिस्टर ऐन वेळी मिसळून लगेच देत. दूध देताना सिरिंज नळीपेक्षा उंच धरून ते आपल्या वजनाने हळूहळू उतरू देत असत. पंपाने तासन्‌तास दूध सोडले तर स्निग्धांश नळीच्या भिंतीला चिकटून राहतो, असे एका सिस्टरांनी मला दाखवून दिले. इतक्या कष्टाने काढलेल्या दुधातील सर्वांत मोलाचा भाग प्लॅस्टिकवर राहून जाणे मला बघवले नाही.

३४ आठवडे झाल्यावर तिला अंगावर घेऊ लागले. पहिल्या दिवशी तिने तीन-चार वेळा ओढले आणि थकून झोपली. उरलेले नळीने, पुढे वाटी-चमच्याने दिले, आणि सप्टेंबरमध्ये १,९०० ग्रॅम वजनाची मुलगी घरी आली.

घरी आल्यावर ती संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन रडू लागली. तेव्हा सातारहून आलेल्या विहीणबाईंनी बाळघुटीचे डबे काढले. मुरुडशेंग, वेखंड, बाळहिरडा, सगळे निवडून, पुसून, मायेने आणलेले होते, आणि त्यांच्या घरातील चार पिढ्या त्यावर वाढल्या होत्या. मी त्यांना लॅक्टेजची गोष्ट सांगितली. या बाळांत ते विकर उशिरा तयार होते, न फुटलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात जाते, तेथील जिवाणू ते आंबवतात, त्यातून थोडा वायू होतो आणि त्याचबरोबर आतड्याच्या पेशींना उपयोगी पडणारी छोटी आम्लेही तयार होतात. म्हणजे जे पचले नाही तेही पुष्कळसे वाया जात नाही, आणि आईचे दूध मिळत राहिले की लॅक्टेजही वाढत जाते. सहाणेवर उगाळलेल्या मुळ्यांतून, पाण्यातून आणि मधातून जे जंतू जाऊ शकतात त्यांच्याशी लढायला हे आतडे अजून तयार नाही. विहीणबाईंनी सगळे ऐकून घेतले, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग बाळाला खांद्यावर उभे धरून ढेकर काढण्यासाठी तिची पाठ थोपटू लागल्या. डबे त्यांनी परत बॅगेत ठेवले. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी मुलीसाठी अळिवाचे लाडू वळले.